पडद्यावरची वाफ आणि रुळांवरची माणसे

आगगाडी आणि चित्रपट यांचे नाते चित्रपटाच्या जन्माइतकेच जुने आहे. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चित्रफितींचा जो पहिला खेळ झाला, त्यातही फलाटात शिरणाऱ्या आगगाडीचे दृश्य होते. तेव्हापासून निरोप असो, मीलन असो, पाठलाग असो की दरोडा, दिग्दर्शकाला वाफेच्या इंजिनाइतके हुकमी पात्र दुसरे सापडलेले नाही. ते धापा टाकते, शीळ घालते, संतापल्यासारखे फुत्कारते. आणि मुख्य म्हणजे मानधनावरून अडून बसत नाही. परंतु हे पात्र पडद्यावर दोन मिनिटे दिसावे म्हणून किती माणसे किती तास राबतात, कोणती जोखीम पत्करतात, आणि चित्रीकरणाच्या जागी त्यांच्या शब्दाला किती किंमत असते, याचा विचार क्वचितच होतो. वाफेची इंजिने रोजच्या वाहतुकीतून निवृत्त झाली आणि वारसा म्हणून जपलेल्या मोजक्या मार्गांवरच उरली, तेव्हापासून तर हा विचार अगत्याचा झाला आहे.

हौशी मंडळींची रेल्वे

इंग्लंडमधील यॉर्कशायरचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. कीथली ते ऑक्सनहोप हा जेमतेम पाच मैलांचा फाटा १८६७ मध्ये सुरू झाला आणि तोट्यात चालतो म्हणून १९६२ मध्ये बंद करण्यात आला. गावकरी आणि रेल्वेप्रेमी यांनी संस्था स्थापन करून तो मार्ग हाती घेतला आणि २९ जून १९६८ रोजी त्यावर पुन्हा गाडी धावू लागली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश रेल्वेने वाफेच्या नियमित गाड्यांना कायमचा निरोप दिला, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. सरकारने जे टाकून दिले ते हौशी माणसांनी उचलले. आठवडाभर अन्यत्र नोकरी करून सुट्टीच्या दिवशी ही माणसे कोळसा टाकीत, रूळ तपासीत आणि तिकिटे फाडीत.

या उपक्रमाला दोन वर्षे होत होती, तोच लायनेल जेफ्रीज या दिग्दर्शकाने ई. नेस्बिट यांच्या १९०६ सालच्या ‘द रेल्वे चिल्ड्रन’ या कादंबरीवरील चित्रपटासाठी हा मार्ग निवडला. कथेला बोगदा हवा होता आणि या मार्गावर तो होता. मात्र तो आखूड असल्याने कापडी आच्छादन लावून त्याची लांबी वाढवावी लागली. इंजिनांना काल्पनिक कंपनीचे रंग देण्यात आले, ओकवर्थचे छोटेसे स्थानक कथेतले स्थानक झाले. १९७० मध्ये चित्रपट झळकला आणि या आडबाजूच्या फाट्याकडे प्रवाशांची रीघ लागली. तो मार्ग आजही चालू आहे आणि २०२२ मध्ये आलेल्या उत्तरभागाचे चित्रीकरणही तेथेच झाले. चित्रपट वारसामार्गाला जगवू शकतो, याचा याहून चांगला दाखला शोधून सापडायचा नाही.

तेव्हा चित्रपटवाल्यांना रुळांपासून दूर ठेवा, असा सोवळेपणा येथे अभिप्रेत नाही. वारसामार्ग म्हणजे देवघर नव्हे. तिकिटांच्या उत्पन्नावर बॉयलरची दुरुस्ती भागत नाही, हे असा मार्ग चालवणारा प्रत्येक जण जाणतो. प्रश्न चित्रीकरण व्हावे की न व्हावे हा नसून ते कोणाच्या शिस्तीने व्हावे हा आहे. चित्रपटाची शिस्त आणि रेल्वेची शिस्त या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गाठ पडते तेव्हा एकीने दुसरीपुढे मान तुकवावीच लागते.

एका ‘टेक’ची किंमत

मोटार किल्ली फिरवताच सुरू होते. वाफेचे इंजिन तसे होत नाही. थंड पडलेल्या बॉयलरला हळूहळू ऊब द्यावी लागते. घाई केली तर पत्रे आणि नळ्या असमान प्रसरण पावतात आणि सांधे गळू लागतात. म्हणून सकाळी नऊच्या दृश्यासाठी फायरमन मध्यरात्रीनंतर केव्हातरी भट्टीपाशी हजर झालेला असतो. इतर मंडळी येतात तेव्हा त्याचा अर्धा दिवस सरलेला असतो, आणि ती निघून गेल्यावरही राख काढणे, भट्टी साफ करणे, इंजिन जागेवर उभे करून बंदोबस्त करणे, ही कामे उरतातच.

मधल्या वेळेत त्याला स्वस्थता असते असे नाही. चित्रीकरणाचा दिवस म्हणजे बहुतांशी थांबण्याचा दिवस. ढग आला म्हणून थांबा, नटीचा पदर सरकला म्हणून थांबा, कॅमेऱ्याची जागा बदलायची म्हणून थांबा. परंतु भट्टीतला जाळ थांबत नाही. गाडी उभी असताना वाफ खर्च होत नाही, दाब वाढत जातो आणि अखेर सेफ्टी व्हॉल्व्ह कर्णकर्कश आवाज करीत उघडतो. नेमका तेव्हाच नायक हलक्या स्वरात निरोप घेत असतो. दाब खाली ठेवावा, तर ‘चला’ म्हणताच इंजिन जोमाने निघायला हवे. या दोन टोकांमध्ये तोल सांभाळताना फायरमनची नजर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीवरून हलता कामा नये. ती पातळी खाली गेली आणि भट्टीचे छत उघडे पडले, तर शिसे भरलेला प्लग वितळून वाफ भट्टीत घुसते. ही शेवटची धोक्याची घंटा. तिच्याकडेही दुर्लक्ष झाले तर छत कोसळून बॉयलर फुटू शकतो. बॉयलरला दृश्य खरे की खोटे, हे समजत नाही.

धुराचे प्रकरण तर अधिकच गमतीचे. काळा धूर निघणे हे चांगल्या फायरमनच्या दृष्टीने कोळसा वाया जात असल्याचे, म्हणजे पर्यायाने अडाणीपणाचे लक्षण. दिग्दर्शकाला मात्र तोच हवा असतो. आयुष्यभर ज्याने स्वच्छ जाळ राखण्याचे कसब कमावले, त्याला कॅमेऱ्यापुढे मुद्दाम ओबडधोबड काम करावे लागते. शिवाय प्रत्येक ‘टेक’नंतर गाडी मूळ जागी मागे न्यायची, ब्रेक सोडायचे, पुन्हा त्याच वेगाने यायचे आणि खडूने आखलेल्या खुणेवर शेकडो टनांचे धूड नेमके उभे करायचे. नटाला संवाद विसरण्याची मुभा असते. ड्रायव्हरला खूण चुकवण्याची नसते, कारण खुणेच्या पलीकडे कोणी तरी उभे असते.

यात कलेचा भाग नाही असे कोण म्हणेल? परंतु चित्रपटाच्या शेवटी केशभूषाकाराच्या साहाय्यकाचे नाव येते आणि ड्रायव्हरचे, फायरमनचे बहुधा येत नाही. रेल्वेचे आभार एका ओळीत मानले की कर्तव्य संपले, असा रिवाज पडून गेला आहे.

लाल निशाण कोणाच्या हाती?

पूर्वी इंजिन ही चित्रपटाच्या दृष्टीने मोडून टाकण्याची वस्तू होती. बस्टर कीटनने १९२६ च्या ‘द जनरल’साठी ऑरेगॉन राज्यात खरे इंजिन जळत्या पुलासकट नदीत कोसळवले. लाकूड जाळणाऱ्या इंजिनांच्या ठिणग्यांनी त्या चित्रीकरणात रानाला आगी लागल्या आणि त्या विझवायला चित्रपटाच्याच मंडळींना धावावे लागले. नदीत पडलेले इंजिन दुसऱ्या महायुद्धात भंगारासाठी उचलले जाईपर्यंत तेथेच होते.

डेव्हिड लीन यांच्या ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ या १९५७ च्या चित्रपटाची हकीगत अधिक उद्बोधक आहे. सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, खास बांधलेला पूल खऱ्या आगगाडीसह उडवायचा होता. प्रत्येक कॅमेरामनने आपण सुरक्षित जागी पोहोचल्याची खूण म्हणून दिवा लावायचा आणि सगळे दिवे लागल्यावरच स्फोट करायचा, असे ठरले होते. गाडी निघाली, ड्रायव्हर ठरल्याप्रमाणे उडी मारून उतरला. पण एक दिवा लागलाच नाही. स्फोट थांबवण्यात आला. गाडी रिकामीच पूल ओलांडून गेली आणि पलीकडे जनरेटरवर जाऊन आदळली. तो कॅमेरामन सुरक्षितच होता, दिवा लावायचा तेवढा विसरला होता. दुसऱ्या दिवशी सगळी मांडणी नव्याने करून दृश्य घेण्यात आले.

या प्रसंगाचे सार एवढेच की, एक दिवा कमी असताना हात आखडणारा माणूस तेथे होता आणि त्याच्या हाताला अडवण्याचा अधिकार कोणाला नव्हता. खर्चाचा आकडा, दिग्दर्शकाचा लौकिक, जमलेल्या पाहुण्यांची निराशा, यांपैकी कशाचेही वजन त्या न लागलेल्या दिव्यापेक्षा अधिक ठरले नाही. शिस्त म्हणतात ती हीच.

ती नसली तर काय होते, हे २० फेब्रुवारी २०१४ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात दिसले. तो मार्ग वारसामार्ग नव्हता. मालगाड्यांचा चालता मार्ग होता, आणि तो ज्या कंपनीचा होता तिने चित्रीकरणाला परवानगी नाकारली होती. तरीही एका चित्रपटाचे पथक नदीवरच्या रेल्वेपुलावर गेले आणि रुळांवर लोखंडी पलंग ठेवून दृश्य घेऊ लागले. मालगाडी आली. अरुंद पुलावर पळायला जागा नव्हती. २७ वर्षांची एक साहाय्यक छायाचित्रणकार तरुणी ठार झाली, आणखी काही जण जखमी झाले. दिग्दर्शकाने २०१५ मध्ये न्यायालयात सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्या पुलावर हुशार माणसांची वाण नव्हती. वाण होती ती ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असलेल्या रेल्वेच्या एका माणसाची.

धोका माणसांनाच असतो असेही नाही. पोलंडच्या लोअर सायलीशिया प्रांतात पिल्खोविचे येथे विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला एक रेल्वेपूल आहे. एका बड्या अमेरिकी चित्रपटासाठी तो उडवून देण्याचा घाट घातला गेल्याचे वृत्त आले, तेव्हा इतिहासप्रेमींनी आवाज उठवला आणि ऑगस्ट २०२० मध्ये तो पूल संरक्षित वास्तूंच्या यादीत दाखल झाला. पूल वाचला. एकेकाळी भंगाराच्या भावात मिळणारी इंजिने आणि पूल आज पुन्हा न मिळणाऱ्या वस्तू आहेत, ही जाणीव समाजात रुजली तरच असे घडते.

आपल्याकडचे वारसामार्ग

भारतात हा प्रश्न परका नाही. दार्जिलिंगच्या दोन फुटी मार्गाला १९९९ मध्ये, नीलगिरीच्या मार्गाला २००५ मध्ये आणि कालका–सिमला मार्गाला २००८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला. या मार्गांची ओळख बहुसंख्य भारतीयांना युनेस्कोने नव्हे, चित्रपटांनी करून दिली. ‘आराधना’ (१९६९) मधील जीपमधला नायक आणि शेजारून धावणारी दार्जिलिंगची गाडी कोणाला आठवत नाही? नायिकेची दृश्ये पुढे स्टुडिओत घेण्यात आली. डोंगरातली गाडी मात्र खरी होती. त्या गाडीच्या इंजिनावर परंपरेने ड्रायव्हर–फायरमनखेरीज कोळसा फोडणारा एक जण आणि अगदी पुढे बसून निसरड्या रुळांवर हातांनी वाळू टाकणारे दोघे, असा ताफा असे. चढावर चाके घसरू नयेत ती या दोघांच्या मुठीतल्या वाळूमुळे. गाणे घराघरांत पोहोचले. वाळू टाकणारे कोणाच्या लक्षात राहिले नाहीत.

नीलगिरीची गोष्ट याहून बोधप्रद आहे. मेट्टुपालयम ते उदगमंडलम या ४६ किलोमीटरच्या मार्गावर काही ठिकाणी दर बारा फुटांना एक फूट इतका खडा चढ आहे. तेथे रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवलेली असून इंजिन गाडीला पुढून ओढीत नाही, मागून ढकलते. प्रत्येक डब्यावर ब्रेक सांभाळणारा कर्मचारी असतो आणि निशाणे दाखवून ही माणसे एकमेकांशी बोलतात. एका गाडीची सुरक्षितता अशी अनेक हातांत वाटलेली असते. याच नीलगिरी रेल्वेच्या धावत्या गाडीच्या टपावर ‘दिल से’ (१९९८) मधले नृत्य चित्रित झाले आणि ते लोकांनी डोक्यावर घेतले. मात्र रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १५६ अन्वये टपावरून प्रवास करणे हा गुन्हा असून त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याने जे इतरांना वर्ज्य आहे ते चित्रपटाला विशेष बाब म्हणून करू दिले जाते. ही सवलत गैर नाही. पण तिच्यामागे रेल्वेची कडक देखरेख असते हे प्रेक्षकाला दिसत नाही, दिसते ते केवळ टपावरचे धाडस. स्कॉटलंडमध्ये हॅरी पॉटरच्या चित्रपटांनी प्रसिद्धीस आणलेल्या ग्लेनफिनन पुलाच्या परिसरात चाहते छायाचित्रांसाठी रुळांवर जाऊ लागले आणि पोलिसांना जाहीर इशारे द्यावे लागले. दृश्य संपले तरी त्याचे अनुकरण संपत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

आणि मग हरियाणातील रेवाडीची शेड. १८९३ साली उभी राहिलेली ही शेड आता वाफेच्या इंजिनांचे जिवंत संग्रहालय आहे. तेथील ‘अकबर’ हे १९६५ साली चित्तरंजनला बांधलेले इंजिन ‘भाग मिल्खा भाग’सारख्या चित्रपटांत झळकले. परंतु चित्तरंजनचे वाफेच्या इंजिनांचे उत्पादन १९७२ मध्येच थांबले आणि १९९० चे दशक संपेपर्यंत नियमित वाहतुकीतून ही इंजिने जवळपास नाहीशी झाली. त्या काळी ऐन उमेदीत असलेले फायरमन आज निवृत्त आहेत. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने नीलगिरीसाठी या शतकात नवी वाफेची इंजिने बांधून दाखवली, हे अभिमानास्पद खरेच. पण इंजिन कारखान्यात घडते. त्याला हाकणारा माणूस मात्र दुसऱ्या माणसाच्या शेजारी उभा राहूनच घडतो. नेरळ–माथेरान मार्गावरची वाफेची इंजिने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निवृत्त झाली, तेव्हा त्या घाटाची वळणे हातांनी ओळखणारी एक पिढीही त्यांच्यासोबत निवृत्त झाली. इंजिन चौथऱ्यावर ठेवता येते. कसब ठेवता येत नाही.

काय व्हावे?

यावर चित्रपटसृष्टीकडून एक आक्षेप येतो आणि तो ऐकून घेतला पाहिजे. नियमांचा काच वाढला तर निर्माते वारसामार्गांकडे पाठ फिरवतील, संगणकावर धूर काढतील, आणि मग रेल्वेलाच उत्पन्नाला मुकावे लागेल. हा आक्षेप अगदी पोकळ नाही. परंतु संगणकाचा धूर उपलब्ध असूनही दिग्दर्शक आजही खऱ्या इंजिनाच्या शोधात येतात, ते त्या इंजिनाच्या खरेपणासाठी. त्या खरेपणातच धोका, मंदपणा आणि शिस्त अंतर्भूत आहे. खरे इंजिन हवे, पण त्याचे नियम नकोत, ही मागणी म्हणजे पाऊस हवा पण चिखल नको असे म्हणण्यासारखे आहे. शिवाय ज्या जागी एक अपघात घडतो, तेथे पुढे कोणताच निर्माता फिरकत नाही. त्यामुळे नियमांपेक्षा नियमभंग अधिक महाग पडतो.

म्हणून काही गोष्टी स्पष्टपणे ठरल्या पाहिजेत. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची ही की, रुळांच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात अंतिम शब्द रेल्वेच्या जबाबदार माणसाचा असावा. त्याने लाल निशाण दाखवले की कॅमेरा थांबलाच पाहिजे, आणि त्याबद्दल त्याच्यावर वरिष्ठांकडून दडपण येणार नाही याची हमी असावी. करारात हे कलम असणे पुरेसे नाही. चित्रीकरणाच्या सकाळी सगळ्या पथकासमोर ते मोठ्याने सांगितले गेले पाहिजे. स्पॉटबॉयपासून नायकापर्यंत प्रत्येकाला त्या माणसाचा चेहरा ठाऊक असला पाहिजे.

दुसरी गोष्ट कामाच्या तासांची. फायरमनचा दिवस भट्टी पेटते तेव्हा सुरू होतो, कॅमेरा सुरू होतो तेव्हा नव्हे. बारा तास जागलेल्या माणसाकडून ‘आणखी एकच टेक’ मागणे हा आग्रह नसून बेजबाबदारपणा आहे. पाळी बदलण्यासाठी दुसरा ताफा ठेवण्याचा खर्च निर्मात्याच्या अंदाजपत्रकात आरंभीच धरला जावा.

तिसरी गोष्ट पैशाची. चित्रीकरणाच्या शुल्कातला ठरीव वाटा त्याच मार्गाच्या बॉयलर-दुरुस्तीसाठी आणि नव्या फायरमनच्या शिक्षणासाठी राखून ठेवावा. तो सर्वसाधारण तिजोरीत जमा झाला की त्याचा मागमूस लागत नाही. चित्रीकरणाचे दिवस हेच शिक्षणाचेही दिवस होऊ शकतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलांना अनुभवी माणसांच्या हाताखाली तेथे उभे करता येईल. आणि चौथी गोष्ट, जिला पैसाही लागत नाही: इंजिनावर काम करणाऱ्यांची नावे श्रेयनामावलीत यावीत. ज्याच्या नजरेवर नायक-नायिकेचे प्राण विसंबून होते, त्याचे नाव पडद्यावर चार सेकंद दिसण्याने कोणाचेच काही बिघडणार नाही.

वारसा म्हणजे जुने लोखंड नव्हे. ते लोखंड तापवण्याचे, चालवण्याचे आणि वेळ आली तर जागच्या जागी थांबवण्याचे ज्ञान म्हणजे वारसा. यॉर्कशायरच्या हौशी मंडळींनी तो सुट्टीच्या दिवशी घाम गाळून राखला, नीलगिरीच्या ब्रेकवाल्यांनी तो पोटापाण्याच्या नोकरीत राखला. चित्रपटाने त्याची शोभा जरूर वापरावी. मात्र त्याच्या रक्षणाचा भारही आपल्या वाट्यापुरता उचलावा. वाफ कॅमेऱ्यासाठी सोडली जात असली तरी तिचा चटका खराच असतो, आणि तो कोणाला बसतो हे निर्मात्याने तिकीटबारीचा हिशेब करण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे.